महिला सरपंच: गावाने, घरच्यांनी आणि खुद्द बायकांनी वारंवार विचारलेले प्रश्न

मी एका छोट्या गावाची पाच वर्षं सरपंच होते. पद राखीव होतं म्हणून मिळालं, हे मी कधी लपवलं नाही. आता नव्याने निवडून आलेल्या बायकांच्या प्रशिक्षणाला जाते. तिथे चहाच्या सुट्टीत, एसटी स्टँडवर, कधी रात्री उशिरा फोनवर जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न बायकांचे आहेत, काही त्यांच्या नवऱ्यांचे.

आरक्षण नेमकं किती आहे आणि कधीपासून?

महाराष्ट्राने 1990 मध्येच स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी 30 टक्के जागा राखल्या. त्यानंतर 73 वी घटनादुरुस्ती झाली. ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली आणि देशभर पंचायतीच्या किमान एक तृतीयांश जागा महिलांच्या झाल्या. 2011 मध्ये आपल्या राज्याने हे प्रमाण निम्म्यावर नेलं. म्हणजे नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत पाच बायका. अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गासाठी ज्या जागा राखीव असतात, त्यातही निम्म्या बायकांच्याच. सरपंचपदांचंही तसंच. राज्यात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत, त्यावरून हा आकडा केवढा होतो ते बघा.

आमच्या गावचं सरपंचपद महिलेला गेलं. हे कोण ठरवतं?

सोडत ठरवते. तालुक्याच्या ठिकाणी सगळ्या गावांच्या लोकांसमोर चिठ्ठ्या टाकतात आणि बहुतेक वेळा एखाद्या शाळकरी पोराच्या हातून त्या काढतात. पद आळीपाळीने फिरतं, त्यामुळे आज ना उद्या प्रत्येक गावावर ही वेळ येते.

आमच्या गावचं नाव पुकारलं तेव्हा मी सभागृहात नव्हते. एकही बाई नव्हती. पुढाऱ्यांचे फोन तिथूनच सुरू झाले: "वहिनींचं नाव मतदारयादीत आहे ना, बघ." मला घरी भाकरी थापताना कळलं की मी उमेदवार आहे. म्हणून माझं पहिलं सांगणं हे आहे, की सोडतीला बायकांनी जावं. चिठ्ठी निघताना तुम्ही तिथे असलात, तर पुढची बोलणी तुमच्याशी होतात.

राखीव नसलेल्या जागेवरून बाई उभी राहू शकते का?

राहू शकते. सर्वसाधारण जागा म्हणजे पुरुषांची जागा नव्हे. हा गैरसमज इतका पक्का बसला आहे, की मला तो दर प्रशिक्षणात खोडावा लागतो.

फॉर्म भरायला काय काय लागतं? फॉर्म कशावरून बाद होतो?

वय 21 पूर्ण हवं आणि मतदारयादीत नाव हवं. 1 जानेवारी 1995 नंतर जन्म असेल तर सातवी पास हवं. त्याआधी जन्मलेल्यांना शिक्षणाची अट नाही. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नको, घरात संडास हवा आणि तो वापरात हवा. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालेलं असेल तर अपात्रता येते. जागा जातीच्या आरक्षणातली असेल तर जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत द्यायला लागतं. ही मुदत चुकल्यामुळे निवडून आलेल्या बायका घरी बसलेल्या मी पाहिल्या आहेत, तेव्हा कागद आधी करा आणि प्रचार मागून.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो अतिक्रमणाच्या कलमाचा. सरकारी जागेवर घर असेल तर सदस्यत्व जातं. घर बांधलं सासऱ्यांनी, तेही ती लग्न होऊन येण्याआधी, आणि पद जातं सुनेचं. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचाचं असंच झालं. त्या सरकारी जागेवर सासूच्या घरात राहतात अशी तक्रार झाली. आपण वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो हे त्या सांगत होत्या. तरी जिल्हाधिकाऱ्यांपासून उच्च न्यायालयापर्यंत निकाल त्यांच्या विरोधात गेला. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि त्यांना पद परत दिलं. बाई सरपंच झाली आणि तिचं ऐकावं लागणार हे गावकऱ्यांच्या पचनी पडलं नव्हतं, असं न्यायालयाने स्पष्ट नोंदवलं. निवडून आलेल्या प्रतिनिधीला, त्यातून ग्रामीण भागातल्या बाईला, पदावरून काढणं इतकं हलक्यात घेऊ नये, असंही बजावलं. हा निकाल आपल्या माहितीत असू द्या. तुमच्यावर तक्रार झाली तर वकिलाला तो दाखवता येईल.

मी फार शिकलेली नाही. मला कारभार जमेल का?

माझ्या ओळखीच्या एक आजी शेजारच्या गावात सरपंच होत्या. अंगठा लावायच्या. पण त्यांनी पहिल्याच दिवशी ग्रामसेवकाला सांगितलं होतं, "बाळा, आधी वाच, मग बोट पुढं करीन." प्रोसिडिंगमधला, म्हणजे सभेच्या नोंदवहीतला, एकेक ठराव ते वाचायचे आणि आजी डोळे मिटून ऐकायच्या. एकदा पाइपलाइनच्या बिलात त्यांनी मधेच थांबवलं. "किती नळ्या म्हणालास?" कामाच्या दिवशी उतरलेल्या नळ्या त्यांनी स्वतः मोजल्या होत्या आणि दर दहा नळ्यांमागे पदराला एक गाठ मारली होती. बिल दुरुस्त झालं.

वाचता येत नसेल तर वाचून घ्यायचा तुमचा हक्क आहे. ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. ठराव वाचून दाखवणं हे त्याचं कामच आहे, तो तुमच्यावर उपकार करत नसतो. वाचता येत असेल तर नमुना पाच म्हणजे रोकडवही आणि नमुना आठ म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंद, या दोन गोष्टी पहिल्या महिन्यात समजून घ्या. निम्मा कारभार त्यातच आहे. पुण्याची यशदा संस्था आणि तालुका पातळीवरची प्रशिक्षणं असतात, तिथे नवऱ्याला न पाठवता स्वतः जा. महिला राजसत्ता आंदोलनासारख्या संघटनाही बरीच वर्षं निवडून आलेल्या बायकांसोबत काम करत आहेत. आपल्यासारख्या दहा जणी एकत्र भेटल्या की अर्धी भीती तिथेच जाते.

"बायकोला उभं केलंय, कारभार मीच बघणार. त्यात गैर काय?"

हा प्रश्न मला जितक्या सहजपणे विचारतात, तितकंच सरळ उत्तर देते. कायद्यात सरपंचपती नावाचं पद नाही. मासिक सभेत बसायचा, फाइलवर शेरा मारायचा, ठेकेदाराशी बोलणी करायचा कसलाही अधिकार सरपंचाच्या नवऱ्याला, दिराला, मुलाला नाही. हा प्रकार देशभर इतका वाढला की सर्वोच्च न्यायालयात विषय गेल्यावर केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने 2023 मध्ये त्यावर समिती नेमली.

पण मला कायद्यापेक्षा एका छोट्या वस्तूबद्दल बोलायचं आहे. ती म्हणजे डोंगल. पूर्वी चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सह्या लागायच्या. आता वित्त आयोगाचा पैसा ऑनलाइन जातो आणि सहीही ऑनलाइन होते. पेन ड्राइव्हसारखं ते डोंगल आणि त्याचा पिन ज्याच्याकडे, त्याच्या हातात सरपंचाची सही. मी प्रशिक्षणात विचारते, "डोंगल कुणाकडं आहे?" कुणी सांगते नवऱ्याकडे, कुणी ऑपरेटरकडे, कुणी म्हणते, "ते काय असतं?" तीस जणींत चार-पाच हात वर होतात, ज्यांच्या पर्समध्ये ते असतं. बाईला खुर्ची मिळाली, मिरवणूक निघाली, गुलाल उधळला, आणि तिची सही दुसऱ्याच्या खिशात फिरते आहे. मला याचं फार वाईट वाटतं.

चौकशी लागली तर नवऱ्याला कुणी विचारत नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 39 खाली कारवाई होते ती सरपंचावर. वसुली निघाली तर नोटिशीवर नाव तिचं. म्हणून कोऱ्या प्रोसिडिंगवर सही नाही, कोऱ्या चेकवर सही नाही, आणि डोंगल कुणाच्या हाती द्यायचं नाही. हे मी नव्या सरपंचांकडून तीनदा म्हणवून घेते.

सगळे नवरे वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. माझं स्वतःचं सांगते. पहिल्या मासिक सभेला शिपायाने माझ्या खुर्चीला लागून दुसरी खुर्ची मांडली होती, यांच्यासाठी. कुणी सांगितलं नव्हतं, त्याने आपलं गृहीत धरलं. दोन सभा तशाच झाल्या. सदस्य बोलायचे माझ्या नावाने आणि बघायचे यांच्याकडे. तिसऱ्या सभेच्या आदल्या रात्री मी म्हणाले, "तुम्ही बसला की सगळे तुमच्याशीच बोलतात. उद्या मला एकटीला जाऊ द्या." ते जरा वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवशी मला सोडायला आले आणि पारावर थांबले. आत एक जुने सदस्य दोनदा दाराकडे बघून शेवटी माझ्याकडे वळले. "सरपंच, विहिरीच्या गाळाचं काय करायचं?" तोवर मला गावात कुणी सरपंच म्हणून हाक मारली नव्हती.

गाडीवर सोडणं, कागद समजावून सांगणं, घरी आल्यावर चहा करून देणं ही मदत झाली. तिच्या जागी बसून बोलणं म्हणजे तिचं पद घेणं. एवढा फरक प्रत्येक घराला कळतो.

बाई सरपंच झाल्याने गावात खरंच काही बदलतं का?

बदलतं, आणि हे मी नुसतं प्रेमापोटी म्हणत नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो (ज्यांना पुढे 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास केला. तो 2004 मध्ये छापून आला. कुठलं पद राखीव होणार हे आधी ठरलेलं नसतं, त्यामुळे राखीव आणि बिनराखीव गावांची तुलना नीट करता येते. निष्कर्ष असा, की जिथे बाई प्रमुख होती तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला, दोन्ही राज्यांत. कारण उघड आहे. पाण्याची तक्रार घेऊन बायकाच येत होत्या आणि ऐकणारीला ती तक्रार स्वतःच्या कमरेवरच्या हंड्यामुळे माहीत होती.

दुसरा अभ्यास मला त्याहून मोलाचा वाटतो. पश्चिम बंगालमधल्याच 495 गावांचा, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला. ज्या गावांत लागोपाठ दोनदा पद महिलेकडे राहिलं, तिथे आईवडिलांच्या मुलाकडून आणि मुलीकडून असलेल्या अपेक्षांतलं अंतर कमी झालं. किशोरवयीन मुलामुलींच्या शिक्षणातली तफावत तर मिटलीच, आणि मुलींचा घरकामात जाणारा वेळही घटला. नुसती एक बाई खुर्चीत रोज दिसली, तेवढ्याने.

आपल्याकडची उदाहरणं घ्या. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षात, विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. सरपंच पुरुष होते, पण ठराव मांडणारी बाई होती आणि अनुमोदन देणारीही बाई. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. सभेत बायका नसत्या तर हा विषय कुणाच्या तोंडून निघाला असता?

आणि एक साधं काम, जे कुठलीही सरपंच निधीची वाट न बघता करू शकते. 2003 च्या शासन निर्णयानुसार गावठाणातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावता येतं. आमच्या गावात आम्ही वाडीवस्तीवर फिरून अर्ज भरून घेतले. नमुना आठचा उतारा हातात आला तेव्हा एका बाईने त्यावरच्या आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "म्हणजे आता मला घरातून निघ म्हणता येणार नाही ना?" रस्त्याच्या उद्घाटनाला मला कुणी असं काही विचारलं नव्हतं.

महिला ग्रामसभा हा नुसता उपचार असतो ना?

गाव तसं करतं म्हणून होतो. कायद्याने प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायलाच हवी, आणि तिथलं म्हणणं मुख्य ग्रामसभेत मांडायला हवं. प्रत्यक्षात रजिस्टर घरोघर फिरतं आणि सह्या गोळा होतात. सभा सकाळी दहाला ठेवली तर मजुरीला गेलेली बाई कशी येणार? आम्ही ती संध्याकाळी, देवळाच्या सभामंडपात घ्यायला लागलो. पहिल्यांदा अकरा जणी आल्या. वर्षभराने मंडप पुरेना.

दारूचं दुकान बंद करायचं असेल तर सुरुवात इथूनच होते. 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घेतात. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रं असतात, आडवी म्हणजे दुकान बंद. निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. सोपं नाही, पण अनेक गावांनी करून दाखवलं आहे.

सगळ्या बायकांचीच ग्रामपंचायत कधी झाली आहे का?

झाली आहे, आणि आरक्षण यायच्या कितीतरी आधी. बारामती तालुक्यातल्या निंबूतमध्ये 1960 च्या दशकात संपूर्ण महिलांची पंचायत होती. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं मोठं महिला अधिवेशन भरलं, लाखांच्या घरात बायका आल्या होत्या. गावच्या निवडणुका बायकांनी लढवायच्या हा विचार त्या चळवळीतून पुढे आला. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये 1989 मध्ये सगळ्या बायका निवडून आल्या. याच गावच्या शेतकऱ्यांनी लक्ष्मीमुक्तीच्या आवाहनाला साथ देऊन बायकांच्या नावावर जमिनी केल्या. तेव्हा कुठली सोडत नव्हती. "आरक्षण दिलं म्हणून बायका आल्या" असं म्हणणाऱ्यांना मी विटनेरचं नाव सांगते.

माझ्यावर अविश्वास ठराव आणायचं चाललंय. काय करू?

आधी घाबरू नका. महिलांसाठी राखीव पदावरच्या महिला सरपंचाला काढायला तीन चतुर्थांश सदस्यांचं मत लागतं. ही तरतूद मुद्दाम केली आहे, कारण बायकांना वर्षा-दोन वर्षांत खाली खेचायचा खेळ सर्रास चालायचा. सरपंच थेट जनतेतून निवडलेली असेल तर सदस्यांनी ठराव मंजूर करूनही तो ग्रामसभेपुढे न्यावा लागतो. थेट निवड 2017 मध्ये आली, 2020 मध्ये रद्द झाली आणि 2022 मध्ये परत आली. त्यामुळे तुमची निवड कोणत्या पद्धतीने झाली ते आधी बघा. नोटीस आली की तिच्यावरची तारीख लिहून ठेवा, प्रत घ्या, तहसीलदारांनी बोलावलेल्या सभेला स्वतः हजर राहा. आणि मासिक सभा, ग्रामसभा वेळच्या वेळी घेत जा. त्या घेतल्या नाहीत या कारणावरून पद घालवणं विरोधकांना सगळ्यात सोपं जातं.

मानधन मिळतं का?

मिळतं. 2024 मध्ये ते दुप्पट झालं: 2 हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला महिना 6 हजार, 8 हजारांपर्यंत 8 हजार आणि त्यापुढे 10 हजार रुपये. ते तुमच्या नावाच्या खात्यात जमा होतं. पासबुक तुमच्याकडे ठेवा.

गावात निम्म्या बायका, मग विधानसभेत का नाहीत?

288 जणांच्या विधानसभेत 2019 ला 24 बायका निवडून आल्या. 2024 ला त्या घटून 21 झाल्या. लोकसभेत 2024 ला 543 पैकी 74. आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील 1962 मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी आमदार झाल्या आणि 2007 मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. शेजारच्या गोव्यात शशिकलाताई काकोडकर 1973 मध्येच मुख्यमंत्री झाल्या. महाराष्ट्रात मात्र 1960 पासून 2024 च्या निवडणुकीपर्यंत एकही बाई त्या खुर्चीवर बसली नाही.

कारण कर्तबगारी नाही. पंचायतीत कायद्याने जागा दिली, विधानसभेत तिकीट पक्ष देतो. तिथे "निवडून यायची ताकद" विचारतात, आणि ती म्हणजे पैसा आणि घराणं असं मानतात. दहा वर्षं जिल्हा परिषद गाजवलेल्या बाईला सांगतात, ताई, पुढच्या वेळी बघू. लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा देणारी 106 वी घटनादुरुस्ती सप्टेंबर 2023 मध्ये संसदेत मंजूर झाली, पण तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेला बांधली आहे. या विषयाचं पहिलं विधेयक 1996 मध्ये आलं होतं. तेव्हा जन्मलेली मुलगी आज सरपंच होण्याच्या वयाची कधीच झाली आहे. 288 मधल्या एक तृतीयांश म्हणजे 96. आपल्या तालुक्यातल्या कोण कोण तिथे शोभतील, याची यादी मी आत्तापासून करून ठेवली आहे.

पाच वर्षं झाली, आरक्षण उठलं. आता मी काय करू?

हा प्रश्न मला मुदत संपलेल्या बायका हळूच विचारतात. चक्र फिरतं, पद सर्वसाधारण होतं आणि गाव धरून चालतं की बाई आता घरी जाणार. मला उभं राहायचं होतं. घरच्यांनी नको म्हटलं आणि मी ऐकलं. आज पुन्हा वेळ आली तर ऐकणार नाही.

सरपंच नाही तर सदस्य म्हणून लढा, पंचायत समितीचं तिकीट मागा, बचत गटाच्या ग्रामसंघात या, शाळा व्यवस्थापन समितीत बसा. काहीच नाही तरी ग्रामसभेला जाऊन पहिल्या रांगेत बसा. तुम्हाला नमुना पाच वाचता येतो, गावात तो वाचता येणारी माणसं फार थोडी असतात. आमच्याकडे आता जी सरपंच आहे ती तिशीची आहे. निवडून आल्यावर पेढे घेऊन माझ्याकडे आली, पाया पडायला वाकली तेव्हा मी तिला थांबवलं आणि डोंगलचं विचारलं. तिने पर्सची चेन उघडून मला ते दाखवलं.